बोरघाटाचा चढ आणि जुन्या पद्मिनीचा ताप

मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना रस्ता खोपोली गाव ओलांडतो आणि सह्याद्रीची भिंत एकदम समोर उभी राहते. खोपोलीची समुद्रसपाटीपासूनची उंची शंभर मीटरही नाही. खंडाळा मात्र साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे. ही सारी उंची रस्त्याला थोड्याच अंतरात चढावी लागते. द्रुतगती महामार्ग झाल्यापासून बहुतेक प्रवासी हा चढ गप्पा मारता मारता पार करतात. पण ज्यांच्या घरी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची मोटार अजून नांदते आहे, त्यांच्यासाठी बोरघाट आजही परीक्षेचेच ठिकाण आहे. गाडीतला जो दोष सपाटीवर वर्षानुवर्षे झाकलेला असतो, तो या चढावर पाऊण तासात उघडा पडतो.

घाटाचा इतिहासच मुळी चढ जिंकण्याचा इतिहास आहे. कोकणातील बंदरांचा माल याच वाटेने बैलांच्या पाठीवरून देशावर जात असे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, चाकांच्या वाहनांना जाता येईल असा रस्ता येथे खुला झाला. त्याच वेळचा एक पूल पुढे ‘अमृतांजन पूल’ या नावाने लोकांच्या तोंडी बसला. तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडण्यात आला. १८६३ साली आगगाडी घाट चढली. सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली. खोपोलीच्या डोंगरउतारावर टाटांच्या वीजगृहाचे प्रचंड नळ दिसतात. लोणावळ्याकडचे पाणी या नळांतून खाली येते आणि १९१५ पासून त्यावर वीज निर्माण होत आली आहे. पाणी उतरताना शक्ती देते, गाडी चढताना शक्ती मागते. निसर्गाचा हा जमाखर्च या एकाच डोंगरावर समोरासमोर मांडलेला दिसतो.

चढाला लागल्यावर जुन्या रस्त्याच्या कडेला शिंगरोबाचे देऊळ लागते. शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्याचे इनाम म्हणून त्याला मृत्यू मिळाला, अशी लोककथा सांगितली जाते. येथून जाणारे ट्रकचालक क्षणभर वेग कमी करून हात जोडतात. त्या कृतीत श्रद्धा तर आहेच, पण मुद्दाम थांबून गाडीचा आवाज ऐकण्याची, तापमानाच्या काट्याकडे पाहण्याची एक व्यवहारी सवयही तिच्यात मिसळलेली आहे.

या घाटाशी आणि जुन्या मोटारीशी, दोहोंशी नाते असलेले एक नाव म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम त्यांच्या कंत्राटदारीच्या काळातील. पुढे १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या नमुन्यावरून तेथे जी गाडी तयार झाली, तीच १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ घन सेंटीमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे चाळीस अश्वशक्ती, सुकाणूच्या दांड्यालगत गिअरची मूठ. एके काळी पैसे भरून ही गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे अनेक व्यापारी घरांत ती नुसती वस्तू राहिली नाही. दुकानाच्या पहिल्या भरभराटीची ती खूण ठरली. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. खासगी गाड्या मात्र पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून आजही थोड्या घरांत टिकून आहेत.

अशीच एक फिकट निळी पद्मिनी पनवेलच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी आहे. घरातले ज्येष्ठ, ज्यांना सारे ‘आप्पा’ म्हणतात, त्यांनी ती भातगिरणीच्या उमेदीच्या काळात घेतली होती. त्यांची धाकटी बहीण लोणावळ्यात राहते. वर्षातून चार-पाच वेळा त्याच गाडीतून बहिणीकडे जायचे, हा त्यांचा नेम. गेल्या उन्हाळ्यात मात्र या नेमात विघ्न आले. शिंगरोबाच्या आसपास काटा लाल खुणेपर्यंत जाऊ लागला आणि पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. पहिल्यांदा वाटले, ऊन फार आहे. दुसऱ्यांदा पहाटे निघूनही तेच झाले.

मग सुरू झाले ते खर्चाचे सत्र. पहिल्या गॅरेजमध्ये रेडिएटरचे टोपण बदलले. दुसऱ्या ठिकाणी पंख्याचा पट्टा आणि होज पाईप नवे घातले. कोणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकला, “आपल्या हवेत त्याची गरज काय?” असे त्याचे म्हणणे. गाडी पुन्हा घाटात उकळली. तेव्हा तिसऱ्याने निर्णय दिला की हेड गॅस्केट गेले आहे, इंजिन पूर्ण खोलावे लागेल. त्याने सांगितलेला आकडा गाडीच्या बाजारभावाहून फार कमी नव्हता. थोरल्या मुलाने शांतपणे हिशेब मांडला, “आप्पा, एवढ्या पैशात इंजिन करण्यापेक्षा गाडी भंगारात दिलेली बरी. आत्याकडे जायला नवी गाडी आहेच.” हिशेब बिनचूक होता. आप्पा काही बोलले नाहीत. पण त्या महिन्यात ते लोणावळ्यास गेले नाहीत. बहिणीचा फोन आला तेव्हा त्यांनी गुडघ्याचे निमित्त सांगितले.

हिशेब बिनचूक होता, पण ज्या नोंदीवर तो उभा होता तिची तपासणी झालेली नव्हती. ताळेबंद जुळत नसला म्हणजे कोणी सारी खातेवही नव्याने लिहीत नाही. एकेक खाते पडताळून चूक कोठे दडली आहे ते शोधतात. गाडीचे तीन वेळा सुटे भाग बदलले गेले, निदान मात्र एकदाही झाले नव्हते. हे लक्षात आले ते धाकट्या नातवाच्या. त्याने आजोबांना एकच विनंती केली : “आप्पा, भंगाराचे नक्की करण्याआधी खोपोलीच्या त्या जुन्या मिस्त्रींना एकदा दाखवू या.”

घाटाच्या पायथ्याचे मिस्त्री हा एक वेगळाच वर्ग आहे. रोज चढून उतरणाऱ्या, उकळणाऱ्या, ब्रेक जळालेल्या गाड्या पाहून त्यांची नजर तयार झालेली असते. या मिस्त्रींनी पान्याला हात लावण्यापूर्वी बाकावर बसवून प्रश्न विचारले. “शेठ, गाडी सपाटीवर तापते का?” नाही. “सिग्नलला, वाहतुकीत उभी असताना?” नाही. “पाणी रोज कमी होते का?” उकळली तरच. “चढावर किती वेळाने काटा वर जातो?” दहा-बारा मिनिटांनी.

या चार उत्तरांत अर्धे निदान होते. पेट्रोलमधील उष्णतेचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीच्यातील मोठा वाटा धुरावाटे जातो आणि जवळजवळ तेवढाच वाटा पाण्याला वाहून न्यावा लागतो. सपाट रस्त्यावर इंजिन थोडेच काम करते आणि समोरून वाऱ्याचा झोतही भरपूर मिळतो. घाटात नेमके उलटे होते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताकदीने फिरते, उष्णता भरपूर निर्माण होते आणि गाडीचा वेग कमी असल्याने वारा अपुरा पडतो. पंखा किंवा पट्टा नादुरुस्त असेल तर गाडी वाहतुकीत उभी असताना तापते. पाणी रोज कमी होत असेल तर गळती किंवा गॅस्केट संशयास्पद. पण जी गाडी इतर वेळी निरोगी राहते आणि फक्त दीर्घ चढावर हरते, तिच्यात उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताच घटलेली असण्याचा संभव सर्वांत जास्त.

तरीही मिस्त्रींनी अंदाजावर विसंबून कामाला सुरुवात केली नाही. आधी गॅस्केटचा आरोप तपासला. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे टोपण काढून गाडी सुरू केली. गॅस्केट फुटले असेल तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरतो आणि तोंडाशी बुडबुड्यांची धार लागते. तशी ती लागली नाही. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल काळसर होते, पण पाणी मिसळल्यावर जसा ताकासारखा फेसकट रंग येतो तसा नव्हता. चारही प्लग काढले. एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी जात असेल तर तेथील प्लग धुतल्यासारखा दिसतो. चारही सारखेच तपकिरी निघाले. ज्या दोषासाठी इंजिन खोलायचे होते, तो दोष अर्ध्या तासात आणि बिनखर्चात निकालात निघाला.

मग पाळी आली इतर साक्षीदारांची. पाण्याच्या पंपाखालच्या बारीक छिद्रातून ओल येते का, पंख्याची पाती धरून हलवली तर दांडा डुगडुगतो का, पट्टा अंगठ्याने दाबला तर अर्ध्या इंचापेक्षा अधिक दबतो का, हे पाहिले. खालचा होज पाईप मऊ पडला असेल तर वेगात पंपाच्या ओढीने तो चिपकतो आणि पाणी अडते. पण तो नवाच होता. डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग पाहिले, कारण ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन विनाकारण तापते. चाके जॅकवर उचलून हाताने फिरवली, कारण अडकलेला ब्रेक म्हणजे सपाटीवरही चढ. सारे ठीक होते.

शेवटी गाडी तापू दिली, इंजिन बंद केले आणि मिस्त्रींनी रेडिएटरच्या जाळीवर हाताचा पालथा पंजा सावकाश फिरवला. वरचा भाग चांगला गरम होता. मध्ये उजवीकडे मात्र दोन वितींचा एक पट्टा कोमट लागला आणि त्याखालचा भाग जवळजवळ थंडच होता. ज्या नळ्यांतून गरम पाणी वाहते त्या गरम लागणारच; थंड लागल्या याचा अर्थ त्यांतून पाणी जातच नव्हते. “शेठ, इंजिनाला काही झालेले नाही,” मिस्त्री म्हणाले, “त्याची जाळी बुजली आहे. तुम्ही गाडीला कोणते पाणी घालता?”

प्रश्न साधा होता आणि उत्तर घरच्या अंगणात होते. तीस-पस्तीस वर्षे रेडिएटरमध्ये गिरणीच्या विहिरीचे पाणी पडत आले होते. त्या पाण्याने गिरणीच्या भांड्यांना आतून पांढरा थर चढतो, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढत असेल, हा विचार मात्र कोणी केलेला नव्हता. क्षारांचा थर उष्णता अडवतो आणि पाण्याची वाटही अरुंद करतो. सपाटीवर उरलेल्या नळ्या काम भागवत होत्या; घाटात मागणी वाढली की भांडवल तोकडे पडत होते.

रेडिएटर उतरवून शेजारच्या रेडिएटरवाल्याकडे गेला. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असल्याने त्यांची दुरुस्ती होते, ही त्यांची मोठी सोय. वरच्या टाकीची झाळ तापवून टाकी वेगळी केली तेव्हा नळ्यांच्या तोंडांवर पिवळट पांढरा दगड जमलेला दिसला. एकेका नळीत पोलादाची पातळ पट्टी घालून ती साफ केली, टाकी पुन्हा झाळली आणि पाण्याच्या हौदात बुडवून आत हवा भरून गळती तपासली. इकडे मिस्त्रींनी इंजिनाच्या ब्लॉकमधून नळाचे पाणी उलट्या दिशेने सोडले. आधी विटकरी, मग फिकट आणि शेवटी स्वच्छ पाणी येईपर्यंत ते वाहू दिले. बिडाच्या ब्लॉकमधला गंज असा बाहेर काढला नाही तर तो पुन्हा नव्या नळ्यांत जाऊन बसतो.

काढून टाकलेला थर्मोस्टॅटही नवा बसवला. त्याआधी तो पातेल्यातील पाण्यात दोरीने सोडून, शेजारी तापमापक ठेवून, ऐंशी अंशांच्या पुढे तो उघडतो हे डोळ्यांनी पाहिले. थर्मोस्टॅट काढल्याने गाडी थंड राहते हा समज दूरवर पसरला आहे. प्रत्यक्षात त्याच्याविना इंजिन सपाटीवर गरजेपेक्षा थंड चालते, पेट्रोल अधिक लागते, झीज वाढते. आणि दोष मात्र जेथे होता तेथेच राहतो.

पाण्याऐवजी शुद्ध पाणी व कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण भरले. त्याने गंज व क्षार रोखले जातात आणि उकळबिंदूही थोडा वाढतो. टोपणाचे कामही नातवाला येथेच समजले. पाणी बंद दाबाखाली असले तर ते शंभर अंशांना उकळत नाही. साध्या टोपणानेही सुमारे दहा अंशांची सवलत मिळते. ही सवलत घाटात महत्त्वाची, कारण उंचीबरोबर उकळबिंदू उतरतो. खंडाळ्याच्या उंचीवर तो जवळपास दोन अंशांनी कमी असतो. एकूण खर्च इंजिन खोलण्याच्या सांगितलेल्या आकड्याच्या पासंगालाही पुरला नाही.

चाचणीसाठी मुद्दाम दुपारची वेळ निवडली. गाडीत आप्पा, थोरला मुलगा, नातू आणि मिस्त्री, अशी चार माणसे. शिंगरोबाशी काटा अर्ध्याच्या किंचित वर होता. पुढच्या तीव्र वळणावर तो पाऊण घरापर्यंत गेला. कोणी बोलत नव्हते. थोरल्या मुलाचा हात आपोआप गाडी कडेला घेण्याच्या बेताने सुकाणूवर वळला. “शेठ, थांबू नका. दुसऱ्यातच राहू द्या,” मिस्त्री म्हणाले. काटा तेथेच स्थिर राहिला. खंडाळ्याची पहिली घरे दिसली तेव्हा तो हळूहळू खाली येऊ लागला. थोरल्या मुलाने आरशातून वडिलांकडे पाहिले आणि विचारले, “आप्पा, आलोच आहोत तर आत्याकडे चहा घेऊन जाऊ या का?” आप्पांनी फक्त मान हलवली. गुडघ्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांनी घाटाला निघण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. जाळीच्या बाहेरच्या बाजूस अडकलेली धूळ आणि पालापाचोळा आतल्या बाजूने हलक्या पाण्याने धुवावा. काटा चढू लागताच, वाफ येण्याची वाट न पाहता, सुरक्षित जागी थांबावे. गरम रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये; दाबाखालचे पाणी टोपण सुटताच उसळून तोंडावर येते. अर्धा तास तरी थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये. या इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असल्याने अति उष्णतेने किंवा अचानक गारव्याने हेड वाकते, आणि मग ज्या खर्चाची केवळ भीती होती तो खरोखरच अंगावर येतो. गाडी नुसती बंद पडली आणि पाणी मात्र उकळले नसेल, तर पेट्रोलच्या पंपात वाफ धरली असण्याचा संभव असतो. पंपावर ओले फडके ठेवून काही वेळ थांबले की बहुधा काम भागते. काढलेले जुने कूलंट उघड्यावर ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्रे-मांजर ते चाटते आणि प्राणास मुकते.

सर्वांत महत्त्वाचे, भाग बदलण्याआधी प्रश्न विचारावेत. केव्हा तापते, कोठे तापते, उभी असताना की चढताना, पाणी घटते की नाही, या प्रश्नांना पैसे पडत नाहीत. जो कारागीर आधी विचारतो, मग हात लावून पाहतो आणि शेवटी पाना उचलतो, त्याच्या हाती गाडी सोपवावी. बोरघाटाच्या दोन्ही अंगांना, खोपोलीत आणि लोणावळ्यात, असे कारागीर अजून आहेत. त्यांची संख्या घटते आहे, कारण त्यांच्या विद्येला गिऱ्हाईक उरलेले नाही. जुनी गाडी रस्त्यावर राहिली तर ही विद्याही राहील. भंगारात जाणारी प्रत्येक गाडी खरोखरच संपलेली असते असे नाही. कित्येकदा तिच्या दोषाचा शोध कोणी घेतलेला नसतो, एवढेच.